पाण्याची सुट्टी

"टीचर, पानी पीने जाऊं?"

शिक्षकी पेशात हा प्रश्न दिवसातून किती वेळा कानावर पडतो याचा हिशेब कुणी ठेवत नाही. एकाने विचारला की दुसरा विचारतो, मग तिसरा. तहान साथीसारखी वर्गात पसरते. अनुभवी शिक्षक पहिल्यालाच अडवतात. मीही अडवायला शिकले होते. उर्दू शाळेत मराठी शिकवताना पस्तीस मिनिटांचा तास तसाच अपुरा पडतो. त्यात पाणी, लघवी, पेन्सिलीला टोक काढणं, यातच दहा मिनिटं जातात.

२०२३ सालचा जुलै महिना होता. पाचवीचा वर्ग, पट सेहेचाळीस. तिसऱ्या बाकावर बसणारी एक मुलगी. तिचं नाव मी इथे लिहिणार नाही. तिच्या अम्मीला मी तसा शब्द दिला आहे. त्या शब्दामागचं कारण पुढे येईलच.

मुलगी हुशार होती. आमच्या मुलांना 'ळ' आणि 'ण' उच्चारताना जड जातं, हिला ते सहज जमायचं. पण जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात ती बदलली. दर पंधरा-वीस मिनिटांनी पाणी मागायची. पाणी पिऊन आली की थोड्या वेळात पुन्हा करंगळी वर. अंगावरचा युनिफॉर्म ढगळ दिसू लागला होता. बाकावर डोकं टेकून बसायची. मला वाटलं, अभ्यासातून लक्ष उडालंय.

त्या दिवशी मी विरामचिन्हं शिकवत होते. तिने दोनदा विचारलं, दोनदा मी सोडलं. तिसऱ्यांदा करंगळी वर झाली तेव्हा मी फळ्याकडे तोंड करून म्हटलं, "आता मधल्या सुट्टीपर्यंत कुणीही उठायचं नाही." फळ्यावर पूर्णविराम, स्वल्पविराम लिहून होतात न होतात तोच मागच्या बाकांवरून खुसखुस ऐकू आली. मी वळले. ती उभी होती. बाकाखाली ओल पसरली होती. सगळा वर्ग हसत होता आणि ती माझ्याकडे बघत होती.

मी वर्गाला गप्प केलं. शाळेतल्या मावशींना बोलावलं, तिला घरी पाठवलं. प्रसंग बऱ्यापैकी निभावला असं मला तेव्हा वाटलं. दुसऱ्या दिवशी ती आली नाही, तिसऱ्याही दिवशी नाही. लाजली असेल, येईल दोन दिवसांत, असं म्हणून मी हजेरीपटावर रोज तिच्या नावापुढे गैरहजेरीची खूण करत राहिले.

नवव्या दिवशी तिचे अब्बू वर्गाच्या दाराशी येऊन उभे राहिले. गावात त्यांचा फळांचा गाडा आहे. हातात रजेचा अर्ज होता, पण तो द्यायचं भान त्यांना नव्हतं. म्हणाले, "टीचर, बच्ची आयसीयू में थी. शुगर निकली."

घरी गेल्यावर तिला उलट्या सुरू झाल्या होत्या, पोट दुखत होतं. गल्लीतल्या दवाखान्यात पोटाचा विकार म्हणून सलाईन लावलं. रात्री श्वास जोरजोरात चालू लागला, तेव्हा रिक्षा करून सोलापूरला नेलं. तिथे बोट टोचून मशीन लावलं. "मशीन पे आकडाच नहीं आया टीचर," ते म्हणाले. "सिर्फ 'हाय' आया." साखर मोजता येण्यापलीकडे गेली की त्या यंत्रावर इंग्रजी अक्षरांत 'हाय' असं उमटतं, हे मला नंतर कळलं. त्या माणसाच्या तोंडून तो शब्द ऐकताना मात्र मला तो आपल्याच भाषेतला वाटला.

त्या रात्री मला झोप आली नाही. मी बी.एड. आहे. बालमानसशास्त्राचा पेपर चांगल्या गुणांनी पास झालेली आहे. कोठारी आयोगावर मी अजूनही चार पानं लिहू शकेन. पाठ टाचणं किती काढली त्याची गणती नाही. पण सारखी तहान, सारखी लघवी, झपाट्याने उतरणारं वजन आणि थकवा ही चार लक्षणं एका मुलात एकत्र दिसली तर त्याच दिवशी रक्तातली साखर तपासायला सांगावी, हे एक वाक्य मला कुणी शिकवलं नव्हतं. ही चारही लक्षणं माझ्यासमोर तिसऱ्या बाकावर रोज पाच तास बसलेली होती. आईपेक्षाही जास्त वेळ मी तिला जागेपणी बघत होते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने मुलांना मारायला आणि मानसिक त्रास द्यायला बंदी केली आहे. मी छडीला हात लावला नव्हता. पण त्या दिवशी मी जे केलं ते काय होतं, याचं उत्तर मी अजून स्वतःला नीट देऊ शकलेले नाही.

पुढच्या रविवारी मी तिच्या घरी गेले. दोन खोल्या, पत्र्याचं छप्पर. कोपऱ्यात एक माठ होता आणि त्याच्या गळ्याशी ओलं फडकं गुंडाळलेलं. पाण्याचा माठ समजून मी ग्लास शोधू लागले, तेव्हा तिची अम्मी घाईने म्हणाली, "उसमें इसकी दवा है." फ्रिज नव्हता. माठात तळाशी थोडं पाणी, त्यावर एक डबा, डब्यात इन्सुलिनची बाटली. इस्पितळातल्या एका सिस्टरने ही युक्ती शिकवली होती. सोलापूरकडचा उन्हाळा माहीत असणाऱ्याला तिची किंमत कळेल. इन्सुलिन उन्हात तापलं की वाया जातं आणि बर्फात गोठलं तरी निकामी होतं.

दादी पलंगावर बसून तसबी ओढत होत्या. मुलीच्या गळ्यात नवा ताईत होता. दादींचं म्हणणं, नजर लागली. शेजारणीचं म्हणणं, बापाच्या गाड्यावरची गोड फळं खाऊन झालं. अम्मीचं म्हणणं, आपलंच काही चुकलं. मी त्या आठवड्यात जमेल तिथून वाचून, डॉक्टरांना विचारून गेले होते. मी सांगितलं की यात कुणाचीच चूक नाही. मोठ्या माणसांना उतारवयात होते तो मधुमेह वेगळा. हा टाईप वन. शरीरात इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी स्वादुपिंडात असतात. शरीराची स्वतःची संरक्षण यंत्रणाच चुकून त्यांच्यावर उलटते आणि त्या नष्ट करते. गोड खाल्ल्याने हा होत नाही, एकाचा दुसऱ्याला लागत नाही. आणि गोळ्यांनी, काढ्यांनी, कारल्याच्या रसाने जात नाही. इन्सुलिन रोज घ्यावं लागतं, जन्मभर. ताईत राहू द्या, पण इंजेक्शन एकही चुकवू नका.

'जन्मभर' हा शब्द ऐकून अम्मीने ओढणी तोंडाला लावली. मग हळू आवाजात म्हणाली, "टीचर, रिश्तेदारों को हमने टायफॉइड बोला है. लड़की की जात है. कल को कौन करेंगा इसकू?" दहा वर्षांची मुलगी भिंतीला टेकून हे ऐकत होती. शाळेचं काय, असं मी विचारलं. शाळा बंद करायचं घरात ठरलं होतं. "स्कूल में कुछ हुआ तो कौन देखेंगा?"

मी म्हटलं, "मी."

तो शब्द तोंडातून गेला तेव्हा त्याचा अर्थ मला माहीत नव्हता.

शाळेत परतल्यावर पहिला प्रश्न मुख्याध्यापकांनी विचारला, "जबाबदारी कोण घेणार?" सर वाईट मनाचे नाहीत. पण काही बरंवाईट झालं तर लेखी कुणाच्या नावावर, ही त्यांची चिंता. सहकाऱ्यांतल्या एका बाईंनी विचारलं, "लग तो नहीं जाता ना?" मी कागदावर चार गोष्टी लिहून शिक्षकांच्या खोलीत चिकटवल्या. या मुलीला पाणी आणि लघवीसाठी कधीही जाऊ द्यायचं. शालेय पोषण आहाराची खिचडी तिला वेळेवर मिळाली पाहिजे, तिची पाळी शेवटी येता कामा नये. अचानक घाम, हातांना थरथर, चिडचिड किंवा बरळणं दिसलं तर साखर उतरली असं समजायचं आणि लगेच तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात द्यायचं, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, थेट दवाखाना. एवढंच. यात अशी कुठलीही गोष्ट नव्हती की जी शाळेला जमणार नाही.

वर्गालाही सांगायचं होतं. तिला विचारलं, तुझ्यासमोर सांगू की तू नसताना? ती म्हणाली, "मेरे सामने." मी मुलांना पॅनक्रियाचं चित्र काढून दाखवलं. ज्या मुलांनी हसून वर्ग डोक्यावर घेतला होता, तीच मुलं श्वास रोखून तिला बोट टोचताना बघत होती. एकाने विचारलं, "दुखता नहीं?" ती म्हणाली, "दुखता है. आदत हो गई." त्यानंतर मी त्या वर्गाची माफी मागितली. तिची माफी मी आधीच तिच्या घरी मागितली होती. पण चूक सगळ्यांसमोर केली होती, म्हणून माफीही सगळ्यांसमोर.

पुढचे सहा महिने बरे गेले. मग २०२४ चा रमजान आला, मार्च महिन्यात.

रमजानात आमची शाळा सकाळची असते. पाचवीतली निम्मी मुलं हौसेने रोजा ठेवतात आणि एकमेकांना जिभा दाखवतात. जीभ पांढरी म्हणजे रोजा खरा. हिला रोजा नव्हता. खिचडीच्या रांगेत ती खालच्या वर्गातल्या लहानग्यांबरोबर उभी राहायची. कुणी काही बोलत नसे, पण नजरा असतातच. घरी आलेल्या एका नातेवाईक बाईंनी विचारलं, "इत्ती बड़ी हो गई, रोजा नहीं रखती?" टायफॉइडचं खोटं असल्यामुळे अम्मीला उत्तर देता आलं नाही.

दहाव्या की अकराव्या रोजाची गोष्ट. साडेदहाच्या सुमाराला तिच्या बाकावरची मैत्रीण ओरडली, "टीचर, इसका वो हो रहा!" मी धावले. चेहरा घामाने डबडबलेला, हात थरथरताहेत, नजर स्थिर नाही. मशीनवर अठ्ठेचाळीस. सत्तरच्या खाली गेली की धोका. मी ग्लुकोजचं पाणी तिच्या ओठांशी नेलं. तिने तोंड घट्ट मिटून घेतलं. मी पुन्हा नेलं. तिने माझा हात झटकला.

"मेरा रोजा है."

सकाळी अम्मीने नेहमीसारखं इंजेक्शन दिलं होतं. नाश्ता तिने ओढणीत बांधून वाटेत शेळीला घातला होता. इन्सुलिन अंगात आणि पोटात काही नाही. आता एकेक मिनिट मोलाचं होतं. मी तिला मांडीवर घेतलं आणि म्हटलं, "बेटा, तोडना पडेगा." ती रडत होती, पण प्यायली. घोट घोट करून सगळं प्यायली. पंधरा मिनिटांनी ब्याऐंशी. मग मी तिला बिस्किटं खायला लावली. सगळा वर्ग, त्यातले वीस-बावीस रोजेदार, गप्प बसून बघत होता. थोडी सावरल्यावर तिने विचारलं, "टीचर, अल्ला नाराज होंगे क्या?"

'नाही' असं मी लगेच म्हटलं. पण माझ्या 'नाही'ने तिचं समाधान झालेलं नव्हतं, ते तिच्या डोळ्यांत दिसत होतं. त्या दिवशी असरनंतर मी माझ्या भावाला सोबत घेऊन मौलानांकडे गेले. सगळं सांगितलं. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, आजारी माणसाला कुरआनात, सूरे बकरामध्येच सवलत दिलेली आहे. बरा होणार असेल तर नंतरच्या दिवसांत रोजे भरून काढावेत, कधीच शक्य नसेल तर गरजूला जेवण द्यावं. आणि ही तर बच्ची आहे, हिच्यावर अजून रोजा फर्जही नाही. जी सवलत अल्लाने दिली ती घेणाऱ्याला शरमिंदा करणारे आपण कोण? येत्या जुम्याच्या बयानात त्यांनी हा विषय घेतला. मुलीचं नाव नाही, गल्लीचं नाव नाही. पण मधुमेह, किडनीचा आजार, फिट्स, असे शब्द आमच्या मशिदीच्या लाऊडस्पीकरवरून मी पहिल्यांदा ऐकले.

तरीही एक गोष्ट बाकी होती, आणि ती माझ्याकडची होती. महिन्यातले काही दिवस बाईला रोजा नसतो. ही सवलतही धर्मानेच दिली आहे. आणि मी, चौतीस वर्षांची बाई, वयात आल्यापासून त्या दिवसांत स्वयंपाकघराच्या दाराआड, भांड्यांचा आवाज न करता जेवत आले आहे. शाळेत तर पाणीसुद्धा प्यायचे नाही, उगीच कुणाला कळायला नको. जे मला परवानगीने मिळालं होतं ते मी आयुष्यभर चोरून खात होते आणि त्या मुलीला मी सांगत होते की यात लाजण्यासारखं काही नाही!

पुढच्या आठवड्यात ते दिवस आले. मधल्या सुट्टीत मी माझा डबा उघडला आणि खिचडीच्या ओळीत, पटांगणातल्या लिंबाखाली, तिच्या शेजारी जाऊन बसले. तिने माझ्याकडे बघितलं. "टीचर, आपका रोजा नहीं?" मी म्हटलं, "आज मलाही सुट्टी आहे." घास घशाखाली उतरत नव्हता, हे कबूल करते. दूर व्हरांड्यात दोन सहकारी शिक्षक होते. त्यांनी मान फिरवली. त्यातल्या एकाने नंतर काही दिवस माझ्याशी बोलणं टाळलं. पण तिसऱ्या दिवशी, जिने 'लग तो नहीं जाता' असं विचारलं होतं, त्या बाई आपला डबा घेऊन आमच्याजवळ येऊन बसल्या. काही न बोलता.

पैशाची गोष्ट वेगळीच. इन्सुलिन सरकारी इस्पितळातून फुकट मिळतं, ज्या महिन्यात शिल्लक असेल त्या महिन्यात. पण साखर तपासायच्या पट्ट्या विकत घ्याव्या लागतात. एकेक पट्टी वीसेक रुपयांची, दिवसाला निदान तीन-चार हव्यात. फळाच्या गाड्यावरून महिन्याला दोन हजार पट्ट्यांना काढायचे तर घरात काय शिजवायचं? पट्ट्या नसल्या की अंदाजाने इंजेक्शन, आणि अंदाज चुकला की एक तर 'हाय' किंवा अठ्ठेचाळीस.

गावातल्या बैतुलमालच्या मंडळींकडे मी अर्ज केला. माणसं देणारी आहेत. ऑपरेशनला, मय्यतीला, मुलीच्या लग्नाला त्यांनी कधी हात आखडता घेतलेला नाही. माझा अर्ज वाचून एक बुजुर्ग म्हणाले, "किती महिने द्यावं लागेल?" मी म्हटलं, "चाचा, नेहमीच." खोलीत शांतता पसरली. तेव्हा मला जाणवलं की आपला समाज आजारपणाला धावतो, आजाराला नाही. इस्पितळात कुणी पडलं की डबे येतात, रक्त द्यायला पोरांची रांग लागते, यासीन पढली जाते. पण जो आजार दुसऱ्या महिन्यातही असतो, दहाव्या वर्षीही असतो, ज्यात माणूस ना मरतो ना बरा होतो, त्याच्यासाठी आपल्याकडे रीतच नाही. एकदा भेटून यायचं, 'सब्र करो' म्हणायचं आणि मग विसरायचं. त्या घराला खरी गरज पडते ती सगळे विसरल्यानंतर.

महिन्याला पन्नास पट्ट्या मंजूर झाल्या. अजूनही मिळतात. पुरत नाहीत, पण मिळतात.

या मुलांची संख्या थोडी नाही. आपल्या देशात वीस वर्षांखालची अशी दोन लाखांहून अधिक मुलं असावीत, असा अंदाज आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने २०२१ साली दिला होता. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल या रक्ताच्या आजारांना जागा मिळाली, त्यांना निदान प्रमाणपत्र तरी मिळतं. टाईप वन मधुमेह त्या एकवीस प्रकारांत नाही. सीबीएसईने २०१७ साली मधुमेही विद्यार्थ्यांना बोर्डाच्या परीक्षेत खाऊ जवळ ठेवायला परवानगी दिली. २०२३ साली राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने राज्यांना लिहिलं की शाळेत या मुलांना साखर तपासू द्या, इंजेक्शन घेऊ द्या, वेळेवर खाऊ द्या. कागद निघतात. आमच्यासारख्या गावातल्या उर्दू शाळेच्या पाचवीच्या वर्गापर्यंत ते यायला मात्र कुणीतरी माणूस लागतो.

आमच्या शाळेत आता चौदा नोव्हेंबरला बालदिनाबरोबर आणखी एक गोष्ट सांगितली जाते. त्याच तारखेला, १८९१ साली, कॅनडात फ्रेडरिक बँटिंग जन्मले. म्हणून तो जागतिक मधुमेह दिनही आहे. त्यांनी आणि चार्ल्स बेस्ट यांनी १९२१ साली टोरांटोत इन्सुलिन शोधलं. त्याआधी अशा मुलांना उपाशी ठेवण्यापलीकडे डॉक्टरांकडे इलाज नव्हता. जानेवारी १९२२ मध्ये पहिलं इंजेक्शन मिळालं ते चौदा वर्षांच्या एका मुलाला, लेनर्ड थॉम्प्सनला. इन्सुलिनच्या पेटंटचे हक्क विद्यापीठाला अवघ्या एका डॉलरला देऊन टाकले गेले. गेल्या वर्षी ही गोष्ट तिने सांगितली, मराठीत, माईकसमोर. शेवटी मात्र 'मलाही हा आजार आहे' असं ती म्हणाली नाही. शाळेत सगळ्यांना ठाऊक आहे. पण समोर पाहुणे बसले होते, पालक होते, आणि पालकांत नातेवाईकही असतात.

ती आता आठवीत आहे. स्वतःचं इंजेक्शन स्वतः घेते. ताईत अजून गळ्यात आहे, माठाच्या जागी जुना फ्रिज आला आहे. हा लेख लिहायच्या आधी मी अम्मीला वाचून दाखवला. ती म्हणाली, "अच्छा लिखे टीचर. नाम मत लिखो." मी म्हटलं, नाही लिहिणार. मग मी मुलीकडे पाहिलं. ती म्हणाली, "अभी मत लिखो."

अम्मीच्या 'मत लिखो'मध्ये तिने 'अभी' हा एक शब्द घातला. मी तो वहीत टिपून ठेवला आहे.

माझ्या वर्गात आता पाण्यासाठी परवानगी मागायची गरज नाही. ज्याला तहान लागेल त्याने उठावं, पिऊन यावं. सुरुवातीला आठवडाभर गोंधळ झाला. पोरं मुद्दाम उठायची. मग थांबली. तासाची दहा मिनिटं वाया जातील ही माझी भीतीही खोटी ठरली. अजूनही कुणी नवीन मूल सवयीने करंगळी वर करतं आणि विचारतं. मी खडू खाली ठेवते, त्याच्याकडे नीट बघते. युनिफॉर्म ढगळ झालाय का, चेहरा उतरलाय का, आज कितव्यांदा जातंय. आणि मग म्हणते, "जा बेटा."